मी रंग घालणारा, तू काढणारी

सरोज,

वर्तमानपत्रात तुझ्यावर दोन ओळी आल्या. वय, माहेरचं गाव, माझं नाव आणि 'अल्पशा आजाराने'. आजार अल्पसा नव्हता हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक, पण छापणाऱ्याशी कुठं वाद घालत बसू? वाद घालायचा तर तुझ्याशी. आपला एक वाद अर्धा राहिलाय, आणि तो तसाच टाकून निघून जायची तुझी ही रीत मला मुळीच पसंत पडलेली नाही. इतक्या वर्षांत कुठल्याही वादात शेवटचा शब्द तू माझा होऊ दिला नाहीस. आता तो आयताच माझ्या हातात आलाय, तर मलाच तो नकोसा झालाय.

घरात आपण दोघंच, त्यामुळे बोलायला माणूस एकच आणि तोच वादालाही. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी निळी नखं घेऊन घरी यायचो आणि तू पदराला कोमट तेलाचा वास घेऊन. मी गिरणीच्या रंगखात्यात, चादरींच्या सुतावर रंग चढवणारा. तू तेलाच्या रिफायनरीत केमिस्ट, तेलावरचा रंग उतरवणारी. शेजारच्या काकू म्हणायच्या, एकजण घालतोय, एकजण काढतेय, या दोघांच्या संसारात शिल्लक काय राहणार? त्यावर तू न हसता म्हणायचीस, "भांडण."

तूच एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतंस. कपाशीचं बोंड एकच. त्यातला कापूस माझ्याकडे येतो आणि रंग घेऊन जातो. त्यातली सरकी तुझ्याकडे येते आणि रंग टाकून जाते. मी तेव्हा 'हो की' म्हणून पुढची भाकरी मागितली होती. आता दाढी करताना हे आठवतं आणि वस्तरा हातातच राहतो. एका बोंडातून निघालेल्या दोन वस्तू, गावाच्या दोन टोकांना जाऊन, इतक्या वेगळ्या होऊन, संध्याकाळी एकाच स्वयंपाकघरात शेजारी बसून शेंगांची चटणी खायच्या. यात नवल करण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा सुचलंच नाही.

तुझं काम खरं काय आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते लग्नानंतरच्या त्या उन्हाळ्यात. रविवारी तू मला प्रयोगशाळा दाखवायला नेलंस. रिफायनरीच्या वरच्या अंगाला एक लांबट खोली, दक्षिणेला मोठी खिडकी, टेबलावर काचेची भांडी. मला वाटलं होतं दवाखान्यासारखं काही असेल. तू चोचीच्या काचपात्रात कच्चं सरकीचं तेल ओतलंस आणि खिडकीशी धरलंस. सोलापूरचं भर उन्हाळ्यातलं ऊन, पण त्या तेलातून एक किरण पलीकडे येईना. काळं म्हणावं तर तांबूस, तांबूस म्हणावं तर काळं. मी म्हणालो, हे कोण खाणार? तू म्हणालीस, तुम्हीच खाता की रोज.

मग ते तेल थोडं गरम करून तू त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडलंस, काचेच्या कांडीनं हळूहळू ढवळत. थोडा वेळ काहीच झालं नाही. आणि मग तेल फाटलं. नासलेलं दूध फाटतं तसं, सगळ्या अंगानं एकदम. काळपट चोथा तयार झाला आणि जड होऊन खाली निघाला. तू कांडी बाजूला ठेवलीस आणि मला चहाला घेऊन गेलीस, कारण आता आपण बघत बसलो तरी ते आपल्याच वेळेनं होणार होतं. परत आलो तेव्हा तळाला काळ्या साबणाचा थर बसला होता आणि वर सोन्यासारखं पिवळं तेल उभं होतं. पलीकडची खिडकी, खिडकीतलं कडुनिंबाचं झाड, सगळं त्यातून दिसत होतं.

माझा जन्म रंगात गेला, पण असं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे रंग चढवायला भट्टी, वाफ, चार माणसं आणि सगळ्यांच्या शिव्या लागतात. इथं एका बाईनं कांडी फिरवली आणि रंग आपणहून उठून खाली जाऊन बसला. मी विचारलं, "रंग गेला कुठं?" तू बोट दाखवून म्हणालीस, "जाईल कुठं? तो काय, खाली बसलाय."

आपला वाद तिथून सुरू झाला. सरकीचा तो काळा रंग म्हणजे गॉसिपॉल, हे तू मला त्याच दिवशी शिकवलंस. कपाशीचं झाड आपल्या बीला किडीनं खाऊ नये म्हणून ते विष आत भरून ठेवतं. झाडानं लेकराच्या उशाशी राखण बसवलेली असते, ती आपण हटवतो आणि मग तेल खातो, असं तू म्हणालीस आणि क्षणभर त्या काळ्या थराकडे बघत राहिलीस. तुझी ती नजर मी नंतर पुष्कळदा पाहिली. जे टाकून द्यायचं त्याच्याकडेही तू आधी नीट बघून घ्यायचीस.

पुढं मला सवयच लागली. संध्याकाळी विचारायचो, आज कुठला रंग काढला? तू सांगायचीस. सगळे रंग एका उपायानं जात नाहीत. सरकीचा काळा कॉस्टिक घेऊन जातं. गाजरात असतो तसला पिवळा कॉस्टिकला दाद देत नाही, त्याला ती खास भाजकी माती लागते. तेल तापवून त्यात माती ढवळायची आणि कापडाच्या गाळणीतून दाबून काढायची, पिवळा मातीला चिकटून मागं राहतो. कोवळं बी आलं असेल तर तेलाला हिरवी झाक असते, तो हिरवा महाहट्टी, त्याला जास्त माती. आणि शेवटी तेलाचा वास काढायला ते जोरात तापवतात, तेव्हा उरलेला पिवळा नुसत्या उष्णतेनंच मोडतो. पण बी ओलं राहून ढिगात तापलं असेल, तर तेलात जो तपकिरी रंग बसतो तो कॉस्टिकनं जात नाही, मातीनं जात नाही, आणि तापवलं तर आणखी घट्ट होतो. ज्या उष्णतेनं पिवळा जातो त्याच उष्णतेनं तपकिरी पक्का होतो. हे सांगताना तू भाजीला फोडणी द्यायची विसरली होतीस आणि मी ती तशीच खाल्ली होती.

मला हे सगळं थोर वाटायचं, पण मी तसं कधी म्हटलं नाही. मी म्हणायचो, देवानं दिलेला रंग काढायचा ही काय रीत? माझे आजोबा करडईच्या फुलांनी लुगडी रंगवायचे. त्याच करडईच्या बीच्या तेलातला रंग तू काढून टाकतेस, माझ्या आजोबांना काय वाटेल? तू म्हणायचीस, तुमच्या आजोबांना कढईत लुगडं तळायचं नव्हतं.

पण करडईचं नाव निघालं की ती बाटली आठवणारच.

तुला ती गोष्ट सांगायची गरज नाही, पण मला सांगायची आहे. तुमच्या थोरल्या मालकांनी रिफायनरी सुरू केली तेव्हा करडईच्या पहिल्या घाण्याचं स्वच्छ तेल एका बाटलीत भरलं, बूच लावलं, वर लाखेचं सील केलं आणि प्रयोगशाळेच्या त्या दक्षिणेच्या खिडकीत ठेवलं. आपल्या तेलाचा रंग असा असला पाहिजे, म्हणाले. थोरले मालक वारले, धाकट्यांनी कारभार हाती घेतला, बाटली तिथंच राहिली. रोजच्या तेलाचा नमुना तिच्याशेजारी धरून उजेडात रंग ताडून बघायचा हा तिथला नेम. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की बाटलीलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. ती पूजा हणमंतू करायचा. मातीखात्याचा तो मुकादम, अक्कलकोटकडचा, रागावला की कानडीत आणि शांत झाला की मराठीत बोलणारा. बाटलीला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

रंगीत काचांशी तेल ताडून रंग मोजायचं यंत्र मागवा म्हणून तू मालकांच्या मागं लागली होतीस. मालक माणूस वाईट नव्हते. ते म्हणायचे, बाई, वडिलांनी ठेवलेलं माप असताना परक्या देशाची रंगीत काच कशाला?

आणि मग तुमचं तेल काळवंडायला लागलं. म्हणजे बाटलीशेजारी धरलं की दरवर्षी थोडं जास्त पिवळं दिसायला लागलं. बी तेच, कॉस्टिक तेच, माती तीच, आणि रंग काही बाटलीला मिळेना. तू माती वाढवलीस. रंग मिळाला. पुढच्या वर्षी पुन्हा कमी पडला, पुन्हा माती वाढवलीस. गाळणीची कापडं तुंबायला लागली, मातीबरोबर तेल वाया जायला लागलं. वर दुकानदारांच्या तक्रारी, की तुमचं तेल दिसायला पांढरंफेक पण डब्यात महिनाभरात खवट होतं. तू मला म्हणालीस, माती रंगाबरोबर तेलाला टिकवणारं काहीतरी पण ओढून नेतेय. मी तेलाला सोलून काढतेय असं वाटतं मला.

गिरणीत असलं काही झालं की पहिलं बोट रंगमास्तराकडे जातं, तसं ते रिफायनरीत तुझ्याकडे गेलं. त्यातून तू बाई. मालक तुझ्यासमोर काही बोलले नाहीत, पण मुंबईहून एक केमिस्ट दसऱ्यानंतर कामावर येणार आहे, हे तुला हणमंतूकडून कळलं. तू घरी येऊन मला सांगितलंस आणि भात जास्त शिजवलास. तुझं मन ठिकाणावर नसलं की भात जास्त शिजायचा.

त्याच आठवड्यात तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीस. मला न सांगता. रंग ओळखण्यात आपलेच डोळे चुकत असतील असं तुला वाटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. तू घरी येऊन पाटावर बसलीस आणि म्हणालीस, "डोळे बिघडलेले असते तर बरं झालं असतं हो. निदान कारण तरी सापडलं असतं."

मला त्या वेळी तुझी इतकी माया आली, सरोज, की मी उठून उगाच पाणी प्यायलो.

यानंतरच्या रविवारी जे झालं त्यावर आपला दुसरा वाद. त्याचा निकाल मी आज लावून टाकणार होतो, पण जमेल असं दिसत नाही. उन्हाळा संपत आला होता. तू गच्चीवर शेवटच्या कुरडया वाळत घालायला आली होतीस. मी नव्या रंगाच्या कापडाच्या पट्ट्या उन्हात ठेवल्या होत्या. आमच्या धंद्यातली ही साधी पद्धत. अर्धी पट्टी पुठ्ठ्याखाली झाकायची, अर्धी उघडी ठेवायची, आणि मग पुठ्ठा काढून बघायचं की उन्हानं किती रंग खाल्ला. मी पुठ्ठा उचलला. झाकलेला अर्धा भाग गडद लाल, उघडा अर्धा फिकट गुलाबी. मी म्हणालो, कच्चा निघाला की हा रंग, चादर चार उन्हांत विटेल.

तू कुरडयांचं ताट हातात धरून उभी होतीस. विचारलंस, झाकलेला भाग पहिल्यासारखाच आहे ना? मी म्हणालो, अर्थात. तू ताट तिथंच खाली ठेवलंस आणि जिना उतरून गेलीस. कुरडया कावळ्यांनी खाल्ल्या.

माझं म्हणणं, शोध माझा. पट्टी माझी, पुठ्ठा माझा, ऊन सोलापूरचं. तुझं म्हणणं, तुम्ही जन्मभर पुठ्ठे उचलत आलात, तुम्हाला कधी बाटली दिसली का? हे तू दरवेळी म्हणायचीस आणि मी दरवेळी पुढची भाकरी मागायचो.

मग तू केलंस ते मला फार आवडलं. तू धावत मालकांकडे गेली नाहीस. एकाच घाण्याचं तेल दोन बाटल्यांत भरलंस. एक खिडकीत ठेवली, जुन्या बाटलीच्या शेजारी. दुसरी काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवलीस. आणि गप्प राहिलीस. पाऊसकाळ गेला. रोज संध्याकाळी मी विचारायचो आणि तू म्हणायचीस, अजून नाही. भाद्रपदात ऊन पुन्हा तापलं. एके दिवशी तू दारातूनच म्हणालीस, "उतरला." खिडकीतल्या बाटलीचा पिवळा फिकटला होता. कॉस्टिक नाही, माती नाही, भट्टी नाही, कुणी हातही लावला नव्हता. नुसता उजेड येऊन जात होता आणि रंग मोडत होता. थोरल्या मालकांची बाटली तर इतकी वर्षं त्या उजेडात उभी होती. तुमचं तेल कधी काळवंडलंच नव्हतं. माप फिकट होत चाललं होतं आणि तुम्ही सगळे त्याच्यामागं धावत होता.

मी त्या दिवशी जेवलो नीट, पण माझं लक्ष खिडकीकडे होतं. एवढासा उजेड रोज आपल्या घरात येतो आणि काय काय करून जातो, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळत होतं.

मालकांनी दोन्ही बाटल्या बघितल्या आणि म्हणाले, हे आजचं तेल आहे बाई, विटणारच. वडिलांचं तेल तसं नव्हतं. यावर काय करणार? घरी येऊन तू म्हणालीस, आता एकच उपाय, जुनी बाटली उघडायची. उन्हानं त्याचा रंग उडाला असेल, तर त्याच उन्हानं ते तेल आत खवट झालेलं असणार. मी विचारलं, आणि चांगलं निघालं तर? तू म्हणालीस, "तर मी चुकले. मग किल्ल्या मुंबईच्या माणसाच्या हातात देईन आणि घरी बसून तुमच्या पट्ट्या वाळवीन."

खंडेनवमीला मी तुझ्याबरोबर आलो होतो, घरच्यांनाही बोलावणं असायचं. यंत्रांना माळा, सगळीकडे झेंडू आणि उदबत्त्यांचा वास, त्यात तेलाचा. खाली पूजा आटोपून सगळे वर प्रयोगशाळेत आले. हणमंतू नवा सदरा घालून, ताम्हण घेऊन बाटलीपुढं उभा राहिला. तो कुंकवात बोट बुडवणार एवढ्यात तू पुढं झालीस आणि मालकांना म्हणालीस, पूजेच्या आधी ही उघडून बघू या.

हणमंतूनं ताम्हण खाली ठेवलं आणि तो बाटलीपुढं आडवा उभा राहिला.

"बाई, सील तोडू नगा. थोरल्या मालकांचा हात लागलाय तिला. तुमास्नी काय बी करायचं आसंल तर दुसऱ्या बाटलीवर करा की. हिला हात लावू नगा."

मला वाटलं, आता तू मागं सरणार, मीही सरलो असतो. तू मालकांकडे वळलीस.

"मी हात लावणार नाही. तुमच्या वडिलांची बाटली आहे, तुम्हीच उघडा. वासही तुम्हीच घ्या. तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य."

सरोज, तुझं सगळं त्या वासावर टांगलेलं होतं आणि वास घेणारं नाक दुसऱ्याचं होतं. मालकांनी कपाळाला हात लावून बाटलीला नमस्कार केला. हणमंतू हळूच बाजूला झाला. लाख कडकडून फुटली, बूच तुटून अर्धं आत पडलं, अर्धं हातात आलं. मालकांनी बाटली नाकाशी नेली. आणि तशीच धरून राहिले. त्यांचा चेहरा मी बघत होतो, त्यावर राग नव्हता. वडील वारल्याचं पुन्हा कुणी सांगावं तसा तो झाला होता. त्यांनी बाटली हणमंतूच्या हातात दिली.

हणमंतूनं वास घेतला. "खवट हाय," म्हणाला. मग पुन्हा घेतला, पहिला चुकला असेल म्हणून. "लई खवट हाय."

तू जिंकली होतीस. मी आनंदानं काहीतरी बोलणार होतो, पण हणमंतूनं तुझ्याकडे बघून विचारलं, "मग बाई, आमी इतकी वर्सं पुजा केली ती वाया गेली व्हय?"

तू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "नाही हणमंतू. तुम्ही पूजा केलीत म्हणून ही बाटली इतकी वर्षं जागची हलली नाही. कुणी हलवली असती, बदलली असती, तर आज काही कळलंच नसतं. आपल्याला खरं काय ते तुमच्या पूजेमुळं कळलं."

हे तू त्याची समजूत घालायला म्हणालीस असं मला आधी वाटलं. घरी येताना रस्त्यात विचारलं तर म्हणालीस, समजूत कसली, खरंच आहे ते. आणि मी विचार केला तर खरंच होतं. आपली बायको एवढी मोठी आहे हे मला त्या दिवशी रस्त्यातून चालताना कळलं. मी त्यावर तुला काय म्हणालो आठवतंय? म्हणालो, जाता जाता दूध घेऊ या.

पुढं सगळं सरळ झालं. मुंबईचा माणूस आला नाही. रंग मोजायचं यंत्र आलं. माती कमी झाली, तेलात थोडा पिवळेपणा राहू लागला, आणि तेल टिकू लागलं. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग त्यांनाही सवय झाली.

आता राहिला पहिला वाद. रंग जातो म्हणजे कुठं जातो. काळा खाली बसतो, मान्य. पिवळा मातीत जातो, तेही मान्य. पण जो उजेडानं किंवा उष्णतेनं मोडतो, तो? तू म्हणायचीस, तोही कुठं जात नाही. ती एक लांब साखळी असते, ती तुटते. तुकडे तेलातच असतात, फक्त आपल्या डोळ्याला दिसायचे बंद होतात. मी म्हणायचो, तुकड्यांना गाजर म्हणायचं का मग? तू म्हणायचीस, तुम्ही काय वाट्टेल ते म्हणा, तुकडे असतात. मी म्हणायचो, रंगाऱ्याला विचार, विटला तो गेला. यावर आपण पुष्कळ भात थंड केलाय.

दवाखान्यात तुझे डोळे पिवळे झाले, मग हात पिवळे झाले. मी उशाशी बसून तुझ्या हाताकडे बघायचो आणि तू माझ्याकडे. एकदा म्हणालीस, "असं काय बघताय? हा पिवळा वेगळा आहे. हा मातीनं नाही निघायचा." मला हसू आलं आणि मग हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही. तू माझी निळी नखं हातात घेऊन बसलीस. नर्स आली तर तिला म्हणालीस, यांचा पक्का रंग आहे, घाबरू नका.

तेव्हा मी वाद घालायला हवा होता असं वाटतं. तुकडे असतात म्हणालीस ना, तर दाखव, म्हणायला हवं होतं. पण तेव्हा तुझ्याशी भांडायची छाती झाली नाही. तू कुठं गेलीस हे मला कळत नाही, सरोज. तुकडे असतात हे मला पटत नाही, आणि ते खोटं आहे असंही आता म्हणवत नाही. सकाळी डबा उघडतो, तेल ओततो, त्यातला तो थोडासा पिवळेपणा बघतो. तो तू मुद्दाम राहू दिलेला आहे. तेवढा माझ्या कढईत रोज येतो.

गेल्या आठवड्यात हणमंतू घरी आला होता. दारातच चपला काढून उभा, आत येईना. तुझा एक फोटो पाहिजे म्हणाला, प्रयोगशाळेत लावायला, मालकांनी सांगितलंय. मी आपल्या लग्नानंतरचा दिला, तो हातानं रंगवून घेतलेला, ज्यात फोटोवाल्यानं तुझी साडी भलत्याच हिरव्या रंगानं रंगवली होती आणि तू महिनाभर त्याच्या नावानं ओरडत होतीस.

परवा मी बघायला गेलो. मला वाटलं होतं, थोरल्या मालकांच्या तसबिरीशेजारी, खिडकीसमोरच्या भिंतीवर तू असशील. तिथं नव्हतीस. सगळीकडे बघितलं. मी जरा रागावूनच हणमंतूला विचारलं, फोटो लावला नाही का अजून?

तो मला नमुन्यांच्या कपाटापाशी घेऊन गेला आणि त्यानं दार उघडलं. आत काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांच्या रांगा, आणि त्यांच्या मागं, कपाटाच्या पाठीला, तू. ताज्या झेंडूची माळ घातलेली, कपाळाला कुंकू लावलेलं.

"बाहीर लई ऊन येतंय सायेब," तो म्हणाला. "बाईंनीच शिकीवलंय की. उजेडात ठिवलं की रंग उडतोय. हितं न्हाय उडायचा."

एका बाटलीसाठी तुला आडवा आलेला माणूस तो. मला म्हणायचं होतं, अरे, बाहेर लाव, रंग उडू दे, पण येता जाता दिसू तरी दे. पण त्यानं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता, आणि तुझी साडी अजून तशीच भलतीच हिरवीगार होती.

"बरोबर ठेवलंयस," मी म्हणालो.

हणमंतू चहा सांगायला निघाला आणि जाताना सवयीनं कपाटाचं दार लावायला लागला. मी त्याला म्हटलं, माझा चहा होईपर्यंत राहू दे उघडं.